रुमाल, ट्रंक आणि हार्ड डिस्क

पुण्याची हवा चांगली, हे माणसांपुरतं खरं आहे. कपाटातल्या वस्तूंचं मत वेगळं पडेल. एप्रिलात दुपारी इथली आर्द्रता २०-२५ टक्क्यांपर्यंत उतरते आणि जुलै-ऑगस्टच्या सकाळी ८०च्या वर चढते. कागद, कापड, लाकूड, डिंक, फोटोवरचा जिलेटिनचा थर, सगळंच या हेलकाव्याबरोबर फुगतं आणि आकसतं. पावसाळ्यात अडकणारं लाकडी दार होळीपर्यंत आपोआप सुटं होतं, ते आपल्याला दिसतं. पुस्तकाच्या बांधणीचं आणि अल्बममधल्या फोटोचंही तेच चाललेलं असतं, ते मात्र दिसत नाही. म्हणून एखादी वस्तू कुठे ठेवायची हे ठरवताना जागा आहे का, हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारावा. तिथे ओल किती, उष्णता किती आणि दहा वर्षांनी ती उघडायला काय लागेल, हे आधी. हार्ड डिस्कलाही हेच तीन प्रश्न लागू आहेत.

सुरुवात माळ्यापासून, कारण बहुतेक घरांत ‘सांभाळून ठेव’ याचा अर्थ ‘माळ्यावर टाक’ असाच होतो. फ्लॅटमधला माळा बहुधा बाथरूमवर असतो आणि वरच्या मजल्यावरच्या बाथरूमची गळती पहिल्यांदा तिथेच उतरते. शेवटच्या मजल्यावर स्लॅबखाली मे महिन्यात तिथे खोलीपेक्षा कितीतरी जास्त तापतं. सूटकेस, जादा भांडी, गणपतीच्या मखराचं सामान यांच्यासाठी माळा ठीक. फोटो, कॅसेट, पेन ड्राइव्ह, औषधं आणि मेणबत्त्या यांना तिथे चढवू नये. त्यांची जागा म्हणजे आतल्या भिंतीला लागून असलेल्या कपाटाचा मधला कप्पा. पश्चिमेची बाहेरची भिंत टाळावी, पाऊस तिकडूनच झोडपतो.

लोखंडी कपाट भिंतीला चिकटवायचं नाही. मागे तीन इंच फट आणि खाली चार इंचांचे ठोकळे ठेवले की हवा खेळते आणि फरशीवर पाणी आलं तरी तळ वाचतो. पत्रा रात्री लवकर गार पडतो. दमट हवा त्यावर थिजते आणि मागच्या बाजूच्या साड्यांवर पिवळे डाग पडतात. दोष साडीचा किंवा इस्त्रीवाल्याचा नसतो.

ओल शोषायला सिलिका जेल वापरतात, पण प्रमाण बहुतेकांचं चुकतं. बुटाच्या खोक्यात येणारी इवलीशी पुडी कपाटात टाकली तर काही तासांत तिचं पोट भरतं आणि त्यानंतर ती नुसती पुडी उरते. सिलिका जेल उपयोगी पडतं ते फक्त झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात. ५० लिटरच्या डब्याला २०० ते २५० ग्रॅम जेल, विरलेल्या सुती कापडाच्या पुरचुंडीत बांधून. रंग बदलणारे खडे घ्या. निळ्या खड्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं आणि ते घातक आहे, त्यामुळे केशरी बरे. ते हिरवट झाले की ओव्हनमध्ये १२० अंशांना दोन तास ठेवायचे, केशरी झाले की पुन्हा वापरायचे. डब्यात एक छोटा आर्द्रतामापक टाका, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तपकीर गल्लीत मिळतो. काटा ६०च्या खाली असला तर बुरशीची चिंता नाही. ३०च्या खालीही नेऊ नका, फोटो कडक होऊन तडकतात. कपाटात टांगायच्या ज्या पांढऱ्या पिशव्या मिळतात त्यांत कॅल्शियम क्लोराइड असतं. ते पाणी भरपूर ओढतं, पण ते पाणी खारट असतं. पिशवी फुटली तर चामडं आणि लोखंड दोन्ही गेलं.

डांबराच्या गोळ्यांवर अनेकांची श्रद्धा आहे, त्यामुळे स्पष्टच लिहितो: त्या फोटो, प्लॅस्टिक आणि जरीपासून लांब ठेवा, आणि तान्ह्या बाळाच्या दुपट्यांत तर कधीही नको. काही बाळांमध्ये जन्मजात एका एन्झाइमची कमतरता असते. या गोळ्यांतल्या नॅप्थलीनने त्यांच्या तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ होते. कसर दूर ठेवायला वेखंडाचे तुकडे कापडात बांधून ठेवावेत. कडुनिंबाचा पालाही चालतो, मात्र कुरकुरीत वाळलेला. ओलसर पाला ठेवणं म्हणजे बुरशीला आमंत्रण.

आता कागद. पुण्यात कौन्सिल हॉलजवळच्या पुरालेखागारात पेशवे दप्तर आहे. मोडीतले कागद तिथे कापडी रुमालांत बांधलेले असतात. ते टिकण्यामागे जादू नाही. कागद हातबनावटीचा, चिंध्यांपासून केलेला, त्यात आम्ल कमी. शाई काजळीची, म्हणजे निव्वळ कार्बन, ती उडत नाही. आणि वरचा सुती रुमाल धूळ अडवतो, उजेड अडवतो, थोडी ओल स्वतः पितो आणि कोरड्या दिवसांत परत सोडतो. आपल्या खरेदीखताचा कागद लगद्यापासूनचा आहे, शाई प्रिंटरची आहे, तो बदलणं आपल्या हातात नाही. रुमाल मात्र हातात आहे. धुऊन खळ काढलेलं पांढरं मांजरपाट घ्या. कागदाच्या चारही बाजूंनी घड्या येतील एवढा चौकोन कापा आणि वर सुती नाडी बांधा. कागदांना लावलेल्या टाचण्या आणि स्टेपलच्या पिना आधी काढून टाका, त्या गंजतात आणि गंज चार पानं आत उतरतो. रबर बँड वितळून चिकटतं. सेलोटेपचा डिंक पिवळा पडून अक्षरावर उतरतो आणि वरची पट्टी सुकून गळून पडते, म्हणजे उरतो तो फक्त डाग.

लॅमिनेशन करू नका. खरेदीखत, जन्मदाखला, गुणपत्रिका, कशाचंच नाही. गरम प्लॅस्टिक एकदा कागदाला चिकटलं की ते काढता येत नाही, मुद्रांक आणि शिक्का तपासता येत नाही, आणि आत अडकलेली ओल आतच राहते. जपायचं असेल तर पॉलिप्रॉपिलीनचं पाकीट वापरा. अप्पा बळवंत चौकात फाइलची पाकिटं घेताना वास घेऊन पाहा. नव्या रेनकोटसारखा वास आला तर ते पीव्हीसी आहे, त्याला झेरॉक्सची शाई चिकटून येते. आणखी एक: दुकानातली गुळगुळीत कागदावरची बिलं उष्णतेने छापलेली असतात, वर्ष-दोन वर्षांत कोरी होतात. फ्रिजची वॉरंटी दहा वर्षांची आणि बिल दीड वर्षाचं, असं होऊ नये म्हणून घरी आल्याबरोबर बिलाची झेरॉक्स काढावी.

चिकट पानांवर फोटो ठेवून वरून पारदर्शक कागद लावायचे अल्बम ऐंशी-नव्वदच्या दशकांत घरोघरी आले. त्यांचा डिंक फोटोच्या पाठीतून पुढे येतो. दात साफ करायचा दोरा (डेंटल फ्लॉस) फोटोच्या मागून करवतीसारखा हलकेच सरकवला तर फोटो बहुतेक वेळा सुटतो. सुटत नसेल तर ओढू नका, आहे तसाच पानासकट स्कॅन करा. स्कॅनिंग कागदपत्रांना ३०० डीपीआय (म्हणजे इंचाला ३०० बिंदू), पोस्टकार्डाएवढ्या फोटोंना ६०० डीपीआय. पासपोर्ट आकाराच्या जुन्या फोटोला १२०० घेतलं तरी चालेल. मोबाइलने अल्बमचे फोटो काढणं म्हणजे ट्यूबलाइटची चकाकी कायमची जतन करणं.

लग्नाच्या व्हीएचएस कॅसेटींची गोष्ट वेगळी आणि तातडीची आहे. कॅसेट उजेडात धरून खिडकीतून टेपच्या कडेकडे पाहा. पांढरी भुकटी किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी आहे. अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नका. तिची टेप तर खराब होतेच, शिवाय हेडला बुरशी लागून पुढची चांगली कॅसेटही जाते. आधी साफ करून घेऊन मगच डिजिटल करायची. मिनीडीव्ही कॅसेट असेल तर फायरवायर केबलने मूळ स्वरूपातच उतरवून घ्या. तासाला साधारण १३ जीबी लागतात, पण दर्जा जराही कमी होत नाही. ‘दोनशे रुपयांत डीव्हीडी’ करून देणारा चित्रण दाबून, म्हणजे दर्जा घटवून देतो आणि मूळ कॅसेट मग कचऱ्यात जाते.

पैठणीबद्दल थोडक्यात: मलमलमध्ये गुंडाळून, प्लॅस्टिकशिवाय, दर तीन-चार महिन्यांनी घडी बदलून. एकाच घडीवर जरीकाम चिरतं. हवा काढून टाकायच्या पिशव्या रजयांसाठी वापरा, रेशमासाठी नाही.

पाणी घरात शिरण्याचा विचार पुण्यात सोडून देता येत नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांमधल्या घरांतलं सगळं गेलं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने आणि २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडवर एकतानगरीत मुठेच्या पाण्याने तळमजले बुडवले. ओढ्याकाठी, नदीकाठी राहणाऱ्यांनी कागद आणि डिस्क दिवाणाच्या पेटीत ठेवू नयेत, पाणी सगळ्यात आधी तिथेच शिरतं. छातीच्या उंचीवर, एका हाताने उचलता येईल अशा एकाच झाकणबंद डब्यात ठेवा. आणि तरीही भिजलंच तर? ओल्या कागदावर २४ ते ४८ तासांत बुरशी धरते, म्हणून सगळं एकाच दिवशी वाळवायच्या मागे लागू नका. जेवढं पंख्याखाली पसरता येतं तेवढं पसरा. उरलेल्या कागदांचे छोटे गठ्ठे करून मध्ये बटर पेपर घाला, पिशवीत भरा आणि डीप फ्रीझरमध्ये टाका. गोठलेला कागद थांबून राहतो, सवडीने थोडा थोडा बाहेर काढून वाळवता येतो. उन्हात टाकू नका, कागद वळतो आणि शाई उडते. फोटो एकमेकांना चिकटून वाळले तर कायमचे चिकटले. स्वच्छ पाण्यातून काढून, चेहरा वर करून एकेक सुटा वाळवायचा. भिजलेली हार्ड डिस्क तांदळात पुरायची नाही आणि सुरूही करून पाहायची नाही. ओलसर कापडात गुंडाळून, पिशवीत घालून डेटा काढून देणाऱ्याकडे न्यायची. आतला गाळ तबकडीवर वाळला तर काम अवघड होतं.

बँकेचं लॉकर हा सुरक्षित पर्याय आहेच, पण नियम वाचून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या सूचनांनुसार आग, चोरी, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यांत बँकेची जबाबदारी वर्षाच्या भाड्याच्या १०० पटींपर्यंत आहे. भाडं ३,००० असेल तर कमाल ३ लाख, मग आत ३० तोळे असोत. पूर, भूकंप, वीज यांत बँकेची निष्काळजी नसेल तर काहीच नाही. त्यामुळे लॉकरची खोली तळघरात आहे का, हे विचारण्यात भीड कसली? सात वर्षं लॉकर उघडलंच नाही आणि खातेदाराचा पत्ता लागला नाही, तर भाडं नियमित भरलेलं असलं तरी बँकेला ते उघडता येतं. वर्षातून एकदा जाऊन या. नॉमिनी लावला आहे ना, तेही तेव्हाच बघा.

डिजिटल वस्तूंना वाळवी लागत नाही, यापलीकडे त्यांचं फारसं कौतुक नाही. लॅपटॉपच्या साध्या हार्ड डिस्कमध्ये फिरती तबकडी असते. चालू असताना टेबलावरून पडली तर गेली, बंद असताना पडली तर बहुधा वाचते. ‘टक-टक’ आवाज येऊ लागला की त्याच क्षणी बंद करा, ‘एकदा परत लावून बघू’ यातच तबकडी खरवडली जाते. एसएसडीत फिरतं काही नाही, तिथे विजेचा भार साठवलेला असतो आणि वीज न देता ठेवली की तो झिरपतो. चिपची मानकं ठरवणाऱ्या जेडेक संस्थेचं मानक असं की लेखनमर्यादा संपलेल्या घरगुती एसएसडीने ३० अंशांना, वीज नसताना, एक वर्ष डेटा धरून ठेवावा. नवी एसएसडी यापेक्षा बरीच जास्त टिकेल, पण तापमान चढलं की झिरपणं वाढतं, आणि मेमधला माळा ३० अंशांचा नसतो. म्हणून कपाटात पडून राहणाऱ्या प्रतीसाठी साधी हार्ड डिस्क घ्या, रोजच्या कामाला एसएसडी. पेन ड्राइव्ह फक्त इकडून तिकडे न्यायला. ‘२ टीबी, ५०० रुपये’ हे पेन ड्राइव्ह खोटे असतात. आत ३२ किंवा ६४ जीबीची चिप आणि आकडा फुगवून सांगणारं फर्मवेअर, म्हणजे चिप चालवणारा आतला प्रोग्राम. भरत गेलं की जुन्यावर नवं लिहितात आणि फाइलींची नावं मात्र दिसत राहतात. एचटूटेस्टडब्ल्यू हे फुकट साधन पूर्ण ड्राइव्ह भरून परत वाचून बघतं. नवी वस्तू आणली की पहिलं काम हे. खऱ्या १ टीबी डिस्कवर ९३१ जीबी दिसतं ती फसवणूक नव्हे. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या.

तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर, हा छायाचित्रकारांमधून आलेला नियम अजूनही पुरतो. लॅपटॉप, कपाटातली डिस्क आणि क्लाउड, झाल्या तीन. किंवा कोथरूडची डिस्क हडपसरच्या बहिणीकडे आणि तिची तुमच्याकडे. यात लोक गल्लत करतात ती एका जागी: सिंक, म्हणजे दोन्हीकडच्या फाइली आपोआप सारख्या ठेवणं, हा बॅकअप नव्हे. फोनमधला फोटो पुसला की सिंक असलेल्या क्लाउडमधूनही तो पुसला जातो, आणि खंडणीखोर व्हायरसने फाइली कुलूपबंद केल्या की सिंक इमानदारीने कुलूपबंद फाइलीच वर चढवतं. कपाटातली डिस्क वाचते ती केवळ जोडलेली नसते म्हणून. तेव्हा बॅकअप झाला की काढून ठेवा, आणि काढताना ‘इजेक्ट’ करा. एक्सफॅट फॉरमॅटमध्ये अर्धवट लिहिलेलं सावरायची सोय नसते. १ टीबी भरायला सेकंदाला १०० एमबीच्या वेगाने पावणेतीन तास लागतात. गुरुवारी, महावितरणची कामं निघतात त्या दिवशी, हे काढू नका.

गूगलचे फुकट १५ जीबी मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून आहेत. १ जून २०२१ पासून फोटोही त्यातच मोजले जातात. दोन वर्षं खातं वापरलंच नाही तर ते पुसलं जाऊ शकतं. आजोबांच्या नावाने उघडलेल्या आणि सगळ्या नातवंडांचे फोटो असलेल्या खात्यात मधूनमधून लॉगिन करत जा. त्याच खात्याच्या सेटिंगमध्ये ‘इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ असतं. ३ ते १८ महिन्यांपैकी मुदत निवडून, तेवढा काळ हालचाल नसेल तर कोणाला कळवायचं आणि काय द्यायचं ते नोंदवता येतं. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर तो आकसतो आणि काढल्याची तारीखही हरवते. डिजिलॉकरमध्ये ‘इश्यूड’ विभागात थेट सरकारी खात्याकडून आलेले दाखले कायद्याने मुळाच्या बरोबरीचे. तुम्ही स्वतः अपलोड केलेला स्कॅन मात्र नुसता स्कॅन. सातबाऱ्याची झेरॉक्स जपून ठेवण्यात अर्थ नाही, डिजिटल स्वाक्षरीचा ताजा उतारा १५ रुपयांत निघतो.

मराठी लिहिणाऱ्यांचा खरा तोटा डिस्क बिघडून झालेला नाही, फॉन्टमुळे झालेला आहे. युनिकोड, म्हणजे सगळ्या लिपींसाठीची एकच अक्षरसंकेत पद्धत, रुळण्याआधी पेठांमधल्या डीटीपीवाल्यांकडे श्रीलिपी, आकृती किंवा सी-डॅकचं आयएसएम यांचे फॉन्ट आणि पानं मांडायला पेजमेकर, असा सरंजाम असे. या फॉन्टमध्ये ‘क’ हा ‘क’ म्हणून साठवलेला नसतो. एखाद्या रोमन अक्षराच्या किंवा चिन्हाच्या जागी ‘क’चं चित्र बसवलेलं असतं. फॉन्ट नसला की फाइल उघडते आणि समोर रोमन अक्षरांची भेळ येते. संस्थेच्या स्मरणिका, वडिलांचं आत्मचरित्र, गावच्या देवस्थानाचा इतिहास अशा रीतीने डिस्कवर सुखरूप असून वाचता येत नाही. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची, तेव्हा चालू स्थितीतला जुना कॉम्प्युटर कोणाकडे असेल तर तो रद्दीत जाण्याआधी काम उरका.

काम तीन टप्प्यांचं. पहिलं, फॉन्टच्या फाइली मजकुराच्याच फोल्डरमध्ये कॉपी करून ठेवा आणि फॉन्टचं नेमकं नाव लिहा. एकाच कंपनीच्या दोन फॉन्टमालिकांची मांडणी वेगळी असते, चुकीचं नाव दिलं तर कन्व्हर्टर वेगळाच मजकूर ओततो. दुसरं, फॉन्ट आत बांधून पीडीएफ काढा. निदान डोळ्यांनी वाचता येईल. त्यातून कॉपी केलं तर पुन्हा भेळच येईल, कारण पीडीएफच्या पोटात तीच रोमन चिन्हं असतात. तिसरं, मजकूर युनिकोडमध्ये बदला आणि ओळन्‌ओळ तपासा. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकलेली असते, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. रफाराचं नेमकं उलट. त्यामुळे चुका ठरलेल्या जागी होतात. ‘विद्यार्थ्यांनी’, ‘दऱ्या’, ‘कर्तृत्व’, ‘निर्मिती’ हे चार शब्द शोधून पाहा, ते बरोबर असतील तर बाकीचा मजकूर बहुतेक बरोबर. आणि युनिकोडमध्येही एक खोच आहे. ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर २००८ मध्ये युनिकोडात आलं. त्याआधीचा मजकूर अ आणि चंद्र जोडून लिहिलेला आहे. दिसायला सारखं, पण ‘ॲड.’ शोधलं की जुन्या यादीतले वकील सापडत नाहीत. मोठ्या मजकुरात एकदाच सगळीकडे बदलून घ्या.

फाइलींना नावं देताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, अंक सगळीकडे एकाच लिपीत. ‘नवीन’, ‘फायनल’, ‘फायनल खरंच’ यांतलं काहीही नाही.

हे सगळं वर्षातून एकदा उघडून पाहायला ठरलेला दिवस हवा. दसऱ्याच्या सुमारास पाऊस ओसरलेला असतो, ऊन कडक असतं आणि साफसफाई तशीही निघालेली असते. खंडेनवमीला हत्यारांबरोबर लॅपटॉपला हळदकुंकू लागतंच, त्याच दिवशी डिस्क जोडा. क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्क तपासायच्या प्रोग्राममध्ये ‘रीॲलोकेटेड’ आणि ‘पेंडिंग’ सेक्टरांचे, म्हणजे डिस्कवरच्या खराब आणि संशयित जागांचे, आकडे पाहा. शून्य असतील तर उत्तम, गेल्या वर्षीपेक्षा वाढले असतील तर दिवाळीआधी नवी डिस्क. निरनिराळ्या वर्षांच्या पाच-सहा फाइली खरोखर उघडून बघा, नुसती नावं दिसण्यावर जाऊ नका. रुमाल सोडा, कागद तासभर सावलीत पसरा, नाडी पुन्हा बांधा.

आणि एक दोनशे पानी वही. कोणती वस्तू कुठल्या कपाटात, किल्ली कुठे, कोणत्या डिस्कवर कुठल्या वर्षांचे फोटो, कोणत्या वर्षी डिस्क घेतली, लॉकरचा नंबर, कोणतं खातं कोणाच्या मोबाइल नंबरवर. पासवर्ड त्यात लिहू नका. तो बंद पाकिटात, वेगळ्या जागी, आणि पाकीट कुठे आहे ते घरातल्या दोघांना माहीत. वही पेनने लिहा, बॉलपेनने. बऱ्याच जेलपेनांची शाई ओलाव्यात पसरते.